आंबा घाटातली पिकअप: थोरली बरी की धाकटी?

मुलीनं मला गाडीतून उतरवलं, तिथून हा प्रवास सुरू झाला. उतरवलं म्हणजे अक्षरशः उतरवलं. पालीला गाडी बाजूला घेतली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही एसटीनं घरी जा. दर वळणाला पायाखालचा पत्रा दाबताय, तिथं ब्रेक असल्यासारखा. तुम्ही शेजारी असलात की मला गाडी चालवता येत नाही."

ही मानसी, माझी मुलगी. सकाळी रत्नागिरी बंदरावर, मिरकरवाड्याच्या लिलावात मासळी घेते, क्रेटमध्ये बर्फ भरते आणि स्वतः पिकअप चालवत आंबा घाट चढून मलकापूर-कोल्हापूरच्या हॉटेलांना माल पोचवते. आठवड्यातून चार फेऱ्या, आज नऊ वर्षं, त्याच एका गाडीवर. मी तेव्हा बोटीवर होतो. अठ्ठावीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली आणि सात महिन्यांपूर्वी कायमचा घरी आलो. साखरपा सोडलं की तिचा फोन लागत नाही, थेट घाट चढून वर गेल्यावर लागतो. तो पाऊण तास मी पडवीपासून फाटकापर्यंत फेऱ्या मारतो. आमची ही म्हणते, "अहो, बसा वाईच. तुमच्या चालण्यानं गाडी घाट चढत नाय." पण बसवत नाही, काय करू?

म्हणून ठरवलं, जुनी विकायची, नवी घ्यायची. आमच्या जुन्या गाडीचं मॉडेल तिच्या कंपनीनं बनवायचंच बंद केलंय. इंजिन खडखडतं, दाराला पोचे, रंग उडालेला. एका चिरेखाणवाल्याला शब्द दिला, रविवारी येऊन गाडी घेऊन जा. कागद माझ्या नावावर. मानसी एवढंच म्हणाली, "मला हीच चालेल." मी म्हटलं, तुला काय कळतंय डिझेल इंजिनातलं!

आता नवी कुठली? आमच्याकडे मासळीला दोनच कंपन्यांच्या पिकअप जास्त धावतात. नावं लिहीत नाही. मागे एकदा मिक्सरच्या कंपनीचं नाव लिहिलं तर कमेंटमध्ये दोन सख्खे साडू भांडले. जुन्या कंपनीच्या गाडीला थोरली म्हणू, नंतर आलेलीला धाकटी. शोरूममधला मुलगा दोन्हीकडे गोडच बोलतो, म्हणून म्हटलं आपण स्वतः बसून बघू. गुरुवार ते शनिवार, तीन दिवस हातात. पिशवीत एक शर्ट, टॉवेल आणि माझा लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक इंजिनला लावायचं, मूठ कानाला. आतलं सगळं ऐकू येतं. हिनं पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "गाडी घेताय की जावई बघताय?"

गुरुवार: थोरलीतून वर

सकाळी सातला मिरकरवाडा. जेटीवर चालायचं असेल तर चप्पल रबरी घाला आणि पांढरे कपडे घरी ठेवा. रहीमभाईची थोरली सहा वर्षांची. रहीमभाई म्हणजे पन्नाशीचा हसरा माणूस. माल भरण्याआधी त्यानं डब्याला दोरी बांधून बंदरातलं पाणी ओढलं आणि मागचा हौदा खळाखळा धुतला. सगळेच धुतात, पाणी हाताशीच असतं. मी तोवर बॉनेट उघडून स्क्रूड्रायव्हर कानाला लावला.

"काय सांगते, बोटवाले काका?" रहीमभाईनं विचारलं.

"तब्येत बरी आहे. एक इंजेक्टर जरा कुरकुरतोय."

"घरीपण एक कुरकुरतो. चालायचंच!"

हातखंब्याला चहा घेतला, तिथून पाली, नाणीज, साखरपा. रस्त्याचं काम कुठे झालंय, कुठे चाललंय. सिमेंटवर गाडी छान पळते आणि मग अचानक लाल मातीतून वळवतात. दुचाकीवाल्यांनी तोंड बांधूनच निघावं. साखरप्याला मोबाईलची रेंज गेली आणि मी घड्याळ बघितलं, मानसी वीस मिनिटं आमच्या मागे असणार. मागे वळून बघितलं तर काचेतून दिसत होते फक्त क्रेट.

घाटाच्या निम्म्यावर तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. रहीमभाईनं वळणावर रुंद जागा बघून गाडी लावली. पाण्याचा पाईप पाझरत होता. त्यानं कापडाची पट्टी आणि तार काढली, सवयीनं गुंडाळली, पाणी ओतलं, वीस मिनिटं थांबला. "थोरलीचं हेच बरं. कुठंपण बिघडली तरी तारेनं जमतं."

"पण बिघडते."

"सहा वर्षांत आठ-दहा वेळा. त्यात काय?"

त्यात काय! मी तिथे रस्त्याकडेला द्रोणातली करवंदं खात उभा होतो आणि डोळ्यासमोर मानसी, एकटी, तारेचं भेंडोळं घेऊन. तेवढ्यात ती आलीच. आमची जुनी खडखडत वर आली, हॉर्न वाजवला, मानसीनं हात केला आणि न थांबता पुढे गेली. मला बरं वाटायला हवं होतं. मला आपला राग आला, आणि कशाचा तेही कळेना.

मलकापूरला कटवडा खाल्ला. खावाच, पण पाण्याची बाटली जवळ ठेवून. कोल्हापुरात स्टँडजवळच्या लॉजवर आठशेत खोली मिळाली, पंखा चालू, गादी कडक. वहीत लिहिलं: थोरली, दुरुस्ती सोपी, पण दुरुस्ती लागते.

शुक्रवार: धाकटीतून खाली

परतीला सदानंद कांबळेची धाकटी. सदानंद पालीचा, चाळिशीचा, गाडी तीन वर्षांची, आत एसी. रिकामे क्रेट घेऊन निघालो. अहाहा, काय गाडी! आवाज म्हणाल तर शिवणयंत्राएवढा. मी मनात मानसीला तिच्यात बसवूनही टाकलं.

आंबा गावाच्या अलीकडे पिवळा दिवा लागला. गाडीनं जोरच सोडला, तीसच्या पुढे जाईना. सदानंदनं इंजिन बंद केलं, दहा मिनिटं थांबला, परत चालू केलं. दिवा तसाच.

"काय झालं?"

"सेन्सर."

"कुठला?"

"ते कंपनीच्या कॉम्प्युटरला माहीत, काका. माझ्याशी नाय बोलत ती." सदानंद शांतपणे तीसनं घाट उतरू लागला. मागून ट्रक हॉर्न मारत होते. "इंजिनला कधी हात लावावा लागला नाय, खोटं कशाला बोलू. पण दिवा लागला की रत्नागिरीला शोरूमला जायचं आणि बाकड्यावर बसायचं."

मी बॉनेट उघडून स्क्रूड्रायव्हर लावला होता. इंजिन ठणठणीत. ठणठणीत इंजिन आणि चालत नाही, अठ्ठावीस वर्षांत असला प्रकार पाहिला नव्हता. एकीला तार लागते, दुसरीला कॉम्प्युटर. एक-एक बरोबरी. डोकं भणभणायला लागलं.

माझं तोंड बघून सदानंदला दया आली असावी. "खरं बघायचं असेल तर उद्या संगमेश्वरला जावा. तिथं पवार मिस्त्री आहेत वेल्डिंगवाले. थोरली काय, धाकटी काय, मासळीची प्रत्येक गाडी शेवटी त्यांच्याकडं येते."

घरी आलो तर मानसी विहिरीजवळ गाडी लावून उभी होती. "बाबा, पंपाची फ्यूज द्या ना. गाडीला पाणी लागतं." मे महिना, विहीर खाली गेलेली. सकाळी पोफळींना पाणी लावून झालं की पंपाची फ्यूज मी खिशात ठेवतो. दहा दिवस हेच चाललं होतं. म्हटलं, "बादलीभर पुरे. वासच घालवायचा ना? नाहीतरी परवा जायचीच आहे ती." मी नाक्यावर फिरायला गेलो.

शनिवार: संगमेश्वर

सकाळच्या एसटीनं संगमेश्वर. दोन नद्यांचा संगम, कसब्याची जुनी दगडी देवळं, लोक लांबून बघायला येतात. तुम्हीही जा. मी मात्र पवार मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडमध्ये उताणा पडलो होतो. शेजारीशेजारी दोन गाड्या ठोकळ्यांवर चढवलेल्या, एक थोरली, एक धाकटी. मिस्त्री साठीचे, बोलणं कमी.

"कुठली टिकते, मिस्त्री?"

"तुमचा तो स्क्रूड्रायव्हर द्या." त्यांनी थोरलीच्या चासीला, म्हणजे ज्या लोखंडी कण्यावर अख्खी गाडी बसते त्याला, टोक लावलं आणि जरा दाबलं. स्क्रूड्रायव्हर आत गेला. मुठीपर्यंत. लाल भुगा माझ्या छातीवर पडला. मग त्यांनी तोच धाकटीला लावला. तिथेही आत गेला, ती तर चारच वर्षांची.

"अहो, कंपनी कसली विचारताय? बर्फाचं पाणी हौद्याच्या भोकांतून खाली येतं, ते खारट. वर हे लोक बंदराच्या पाण्यानं धुतात. दोन गाड्या तर माझ्याकडे घाटात मधोमध वाकून आल्या. इंजिनं चालू होती दोघींची!"

मी तसाच पडून राहिलो. बोटीवर आम्ही इंजिनवाले, गंज खरवडणं हे डेकवाल्यांचं काम. आम्ही त्यांना हसायचो, दिवसभर आपले ठकठक करत बसतात म्हणून. तीन दिवस मी दोन गाड्यांच्या छातीला कान लावत फिरलो, आणि घरची गाडी? नऊ वर्षं मासळी वाहतेय. तिच्या खाली मी एकदाही वाकलो नव्हतो. घड्याळात साडेअकरा. शनिवार, मानसीची फेरी. म्हणजे ती आत्ता घाटात.

फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला, परत तेच. मिस्त्रींनी चहा पुढे केला, मी तो बाजूला ठेवून परत फोन लावला. मला भीती वाटली, मंडळी. इंजिनरूममध्ये आग लागली होती तेव्हाही एवढी वाटली नव्हती, कारण तेव्हा हाताला काम होतं.

सव्वाबाराला फोन लागला. "मलकापुरात आहे, माल उतरवतेय. काय झालं?" मी म्हटलं, "येताना सावकाश ये. हातखंब्याला थांब, मी आहे तिथे." मिळेल त्या एसटीनं हातखंबा गाठलं आणि पुढचे तीन तास तिथल्या तिठ्यावर काढले. सहा चहा आणि एक वडापाव. कोल्हापूरकडून येणारी प्रत्येक पिकअप लांबून आमचीच वाटायची.

सव्वाचारला ती आली. मी टॉवेल रस्त्याकडेला अंथरला आणि गाडीखाली शिरलो. लोक जमले. कुणीतरी म्हणालं, "काका पडले की काय?" मानसी वरून विचारत होती, "बाबा, काय चाललंय तुमचं?"

स्क्रूड्रायव्हर चासीला लावला, दाबला. टण्ण. पुढे लावला. टण्ण. मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्यापाशी दोन्ही हातांनी जोर दिला. टण्ण! कुठे भुगा नाही, पापुद्रा नाही. काळा रंग तेवढा इथे-तिथे झिजलेला. नऊ वर्षांची मासळीची गाडी, आणि खालून कालच आणल्यासारखी. मी बाहेर आलो तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. धूळ गेली म्हणून सांगितलं.

घरापर्यंत मी तिच्या शेजारी बसून आलो. पायाखालचा पत्रा मात्र एकदाही दाबला नाही. घरी तिनं गाडी विहिरीजवळ लावली, पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि रहाटाला बादली लावली. एक बादली, दुसरी, तिसरी. गाडीखाली वाकून तांब्यानं पाणी मारत होती, आतल्या कोपऱ्यांत, पट्ट्यांमागे. दहा दिवस, माझी फ्यूज खिशात आणि ही अशी. मी नाक्यावर गप्पा मारायला जायचो त्या वेळेला.

मी खिशातून फ्यूज काढली, खोक्यात बसवली, पंप चालू केला.

"हे तुला कुणी शिकवलं?" मी विचारलं. "बंदरावर तर कुणीच करत नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही."

"मी?"

"गाडी आणली त्या आठवड्यात तुमचा फोन आलेला, कुठल्यातरी बंदरातून. मी विचारलेलं, गाडी कशी जपू? तुम्ही म्हणालात, इंजिन बोलतं, त्याचं काय दुखतं ते कळतं. गंज बोलत नाही. रोज खालून गोडं पाणी मार, एक दिवस चुकवू नको. मग लाईन कट झाली."

मला तो फोन काही केल्या आठवेना. अजूनही आठवत नाही.

चिरेखाणवाल्याला फोन लावायला मोबाईल काढला आणि थांबलो. या वेळी तिलाच विचारलं, "काय सांगू त्याला?"

"सांगा, गाडी माझी मुलगी चालवते. तिला विचारून कळवतो." आणि हसली, सात महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून.

थोरली बरी की धाकटी, विचारणाऱ्यांना हे उत्तर: तारेनं जमवता येत असेल तर थोरली, शोरूम जवळ असेल तर धाकटी, आणि मासळी वाहणार असाल तर आधी घरी गोड्या पाण्याची सोय बघा. नवी गाडी आम्ही घेतलेली नाही. माझी अस्वस्थता गेली म्हणाल, तर नाही. साखरप्यापुढचा पाऊण तास मी अजून फाटकापर्यंत फेऱ्या मारतो. पण संध्याकाळचं नाक्यावर जाणं बंद झालंय. गाडी विहिरीपाशी लागली की मानसी पाईप माझ्या हातात देते आणि पायरीवर बसून चहा पिते. काल म्हणाली, "बाबा, डावीकडचा मागचा पट्टा राहिला." मी परत खाली वाकलो.