पालथा पत्रा

सेतुराव मास्तर गेल्याचा निरोप ओरत्तनाडूच्या शाळेत आला, तेव्हा मी मुलींना घागरीचं चित्र काढायला बसवलं होतं. तास अर्धवट टाकलेला त्यांना खपला नसता, म्हणून पुरा करूनच तंजावरची बस धरली. त्याला आता दीडेक महिना झाला.

चित्रशाळेत ते आमचे मास्तर. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी त्यांनी एक खूळ काढलं. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी सहा महिने तबकांच्या कारखान्यात हात काळे करायचे. तिथे तांब्याचा पत्रा पालथा घालून मागून ठोकतात, पुढे देव उठतो. मग पोकळीत मेण भरून तो पितळी ताटावर बसवतात. आमचे प्राचार्य कुरकुरले, कारखान्याचे मालक पिल्लै त्याहून जास्त. मास्तर दोघांच्या पायऱ्या झिजवत राहिले. महा चिवट माणूस, आणि बोलणं इतकं हळू की दोनदा विचारावं लागे.

तुकडीत मुलगी मी एकटीच. वडिलांनी, अण्णांनी, घरी बजावलं होतं, पास झालीस तर नोकरी कर, नाहीतर वैशाखात लग्नाचा बार उडवून टाकतो. मी बाळकृष्ण ठोकला. कारखान्याची रीत अशी की शेवटचा हात थोरल्या कारागिरानंच फिरवायचा. तो माझ्या कृष्णावरही फिरला. मद्रासहून आलेले परीक्षक तबक बघून हसले. हे विद्यार्थिनीचं काम नव्हे, म्हणाले, गुण कुणाला देऊ? मला तर वैशाखच दिसायला लागला.

तबक गिऱ्हाइकाला कबूल झालेलं. मास्तरांनी पिल्लैंकडे पाहिलं. पिल्लैंनी नाइलाजानं होकाराची मान हलवली... मास्तरांनी शेगडीवर तबक ऊन केलं, मेण सुटल्यावर पत्रा उचकटला, पुसला, पालथा करून परीक्षकांपुढे धरला. माझे सगळे ठोके तिथे होते. हुकलेले, सावरलेले.

"पुढून कारागीर दिसतो," ते म्हणाले, "मागून आमची मुलगी."

मी पास झाले.

तो पत्रा मास्तरांनी घरी नेला आणि बैठकीत खिळ्याला लावला, तोही पालथा. मास्तरांची बायको, आमच्या काकी, वर्षानुवर्षं करवादायच्या, की येणारा-जाणारा हसतो, एकदा सुलटा करा. मास्तरांना ऐकूच यायचं नाही.

परवा भेटायला गेले तर पत्रा सुलटा. कुणा पाहुण्यानं आवराआवरीत फिरवला असावा. कृष्ण छान दिसत होता. काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पत्र्याकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "तो फिरव बाई. आमच्याकडे तो असा नसतो."

मी तो काढून पालथा लावला. इतके दिवस आलं नव्हतं, ते रडू तेव्हा आलं.