ज्युरीच्या भीतीने न दिलेलं मत

संविधानाची उद्देशिका तोंडपाठ म्हणणारे तुम्ही, चौऱ्याण्णवच्या नोव्हेंबरात मत द्यायला गेला होता का?

इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आमची बुद्धवंदना महिन्याच्या पहिल्या रविवारी, आळीपाळीने कोणाच्या तरी घरी असते. वंदना, मग उद्देशिकेचं वाचन, मग जेवण. त्या वेळी निवडणूक दोनच दिवसांवर होती. मी स्टुडंट व्हिसावर, मला मत नव्हतं. पण आमच्या घरात पाठ्यपुस्तकांआधी चळवळीची पत्रकं आलेली, त्यामुळे कोणकोण मत देणार हे मीच विचारत सुटले. खोलीत नागरिक झालेले बरेच होते. एकानेही मतदार यादीत नाव नोंदवलेलं नव्हतं.

"रजिस्टर केलं की ज्युरी ड्यूटी लागते," यजमान काका म्हणाले. ते एका कंपनीत मॅनेजर. "दुसऱ्यांच्या खटल्यांचा निकाल द्यायला आठवडाभर कोर्टात कोण बसणार, यार? आणि ही मधली इलेक्शन. प्रेसिडेंट थोडाच बदलतोय."

सगळे हसले. ज्युरीची नावं ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतूनही काढतात, याची चौकशीसुद्धा कोणी केली नव्हती. मी वाद घालायला लागले, तेव्हा एका काकूंनी माझ्या ताटात आणखी दोन जिलब्या टाकल्या. म्हणजे आता गप्प बस.

प्रेसिडेंट खरंच बदलला नाही. संसदेची दोन्ही सभागृहं मात्र दुसऱ्या पक्षाकडे गेली. समित्यांचे अध्यक्ष बदलले, कोणतं विधेयक पुढे आणायचं आणि कोणतं दाबायचं हे ठरवणारी माणसं बदलली. दोन वर्षांच्या आत कायदा झाला: रीतसर राहणारे, पण नागरिक नसलेले जे गरीब म्हातारे आहेत, त्यांचा सरकारी भत्ता बंद. प्रेसिडेंटने त्यावर सहीही केली.

आमच्यात नागपूरच्या एक मावशी आहेत. मुलगा वारल्यापासून वृद्धांच्या इमारतीत एका खोलीत राहतात, त्याच भत्त्यावर. ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व घेतलं नाही. भारताचा पासपोर्ट सोडला तर आपलं संविधान सोडल्यासारखं होईल, असं त्यांना वाटायचं.

यंदा, सत्त्याण्णवच्या सुरुवातीला, त्यांना पत्र आलं. मार्चच्या वंदनेला त्या ते घेऊन आल्या. त्याच काकांनी चष्मा लावून ते अस्खलित इंग्रजीत वाचलं, मग मराठीत समजावलं. नागरिक असल्याचा पुरावा द्या, नाहीतर ऑगस्टनंतर भत्ता नाही. कायदा करणारी माणसंच नालायक, असंही ते म्हणाले.

मावशींनी पत्राची घडी घातली. "ही माणसं निवडून आली, तेव्हा तुमच्यापैकी मत कोणी दिलं होतं, बाबा?"

काकांची मुलगी सोफ्यावर बसून जेवत होती. ती म्हणाली, "डॅड, यू नेव्हर व्होट."

काकांनी तिला भात घ्यायला आत पाठवलं.

आमच्या मूठभर मतांनी संसद राखली गेली नसती, हे मलाही कळतं. मला किळस येते ती आमच्या आवाजाची. उद्देशिका म्हणताना तो केवढा चढतो. मताच्या हक्कासाठी आपल्या माणसांनी काय सोसलं, हे दर जयंतीला माइकवरून सांगणारेही आम्हीच, आणि कोर्टातल्या खुर्चीला घाबरून घरी बसणारेही आम्हीच.

मावशींनी आता नागरिकत्वाचा अर्ज केला आहे. मुलाखत इंग्रजीत असते, तीत इथल्या घटनेवर आणि सरकारवर प्रश्न विचारतात, आणि त्यांना त्याची धास्ती आहे. तुम्ही नागरिक असाल, तर याच आठवड्यात लायब्ररीत जाऊन मतदार नोंदणीचा फॉर्म भरा. आणि शनिवारी तासभर मावशींच्या खोलीवर जा, त्या प्रश्नांची उत्तरं त्यांच्याकडून इंग्रजीत म्हणून घ्या.