पोळाच्या तोंडाशी उतरायचं

माझी आठ वर्षांची नात परवा मला विचारत होती, "आजी, तुला सायकल येते?" म्हटलं, येते की. चालवायला कमी आणि ढकलायला जास्त. ती खो खो हसली. तिला वाटलं आजी नेहमीसारखी गंमत करतेय.

बडोद्याला वाडी भागातल्या एका पोळात माझं सासर. पोळ म्हणजे एकाच तोंडाची अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लावून घरं. तोंडाशी शिरलात की दारापुढच्या ओटल्यावर बसलेली माणसं तुम्हाला डोळ्यांनी थेट घरापर्यंत पोचवून येतात. सासऱ्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेत घोडेस्वार होते. ते म्हणे पोळाच्या तोंडाशी घोड्यावरून उतरत आणि लगाम धरून चालत घरी येत, कारण ओटल्यावर वडीलधारे बसलेले असत. घोडा गेला, मग संस्थान गेलं, पण उतरणं तेवढं राहिलं. घरातल्या कुणीही वाहनावर बसून पोळात शिरायचं नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा घरात वाहनं दोन. यजमानांची स्कूटर आणि धाकट्या नणंदेची लेडीज सायकल. स्कूटर ढकलायला जड, म्हणून तिला माफी होती. ती फटफटत दारापर्यंत यायची आणि ओटल्यावरचे वडीलधारे पाय आखडून तिला वाट द्यायचे. म्हणजे त्या घोड्याचा सगळा मानमरातब राखायचं काम त्या बिचाऱ्या लेडीज सायकलकडे आलं होतं. हे मला आज दिसतं. तेव्हा दिसलं नाही. तेव्हा मला वाटायचं, वा, काय घराणं आहे!

माझं माहेर कारकुनी. वडील, आजोबा, सगळे कागद खरडणारे. घरात पुस्तकांची कपाटं चार, पण सायकल एकही नाही. सायकल मला शिकवली नणंदेनं. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण रीत म्हणून मी तिला वन्सं म्हणायचे आणि ती मला वहिनी. रोज सकाळी पोलो ग्राउंडवर न्यायची. मी साडी खोचून सीटवर, आणि ती मागचं कॅरिअर धरून धावतेय.

"वहिनी, खाली काय बघता? चाक कुठे पळून जात नाही. समोर बघा!"

"सोडू नका हं वन्सं!"

"नाही सोडत."

तिनं केव्हाच सोडलेलं असायचं. असं खोटं बोलून तिनं मला पंधरा दिवसांत तयार केलं. मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळीही स्वतः बसवून दिली.

ते दिवस कॉम्प्युटर क्लासच्या पाट्यांचे होते. दर नाक्यावर एक पाटी. नणंद बी.कॉम. झालेली, हट्टी, तिनं निजामपुऱ्यातल्या एका क्लासमध्ये नाव घातलं. बॅच सकाळी सातची. एका कॉम्प्युटरवर दोघांनी बसायचं, उशीर झाला तर जागा दुसऱ्याला. क्लासच्या सरांनी सांगून ठेवलं होतं की कोर्स पुरा करील त्याला औषधांच्या एका कंपनीत नोकरी ठेवलेलीच आहे. वाडीहून मांडवी, तिथून रावपुरा, काळा घोडा, विश्वामित्रीचा पूल, फतेहगंज आणि मग निजामपुरा. सायकलवर चाळीस मिनिटं. तेवढ्या पहाटे बस मिळायची नाही आणि रोज रिक्षा करण्याची आमची ऐपत नव्हती. सायकल होती म्हणून क्लास होता.

नणंदेला उशीर व्हायचा. मग सव्वासहाला ती दारातच सायकलवर टांग टाकायची आणि पोळातून सरळ निघून जायची. मामंजी, म्हणजे सासरे, त्या वेळी आत पूजेला बसलेले असत. मिलमध्ये विणकाम खात्यात उभा जन्म काढून त्यांचे कान गेले होते. मिल बंद पडली, यंत्रं गप्प झाली, पण कान काही परत आले नाहीत. त्यांना काही सांगायचं तर डाव्या कानाशी जाऊन ओरडावं लागे.

त्याच सुमारास मला कारेलीबागेतल्या एका नव्या शाळेत बालवर्गाची नोकरी लागली. शाळा भरायची साडेसातला. घरापासून चालत पस्तीस मिनिटं. पस्तीस! नणंदेला सायकलवर लागत त्याहून कमी. पण मला सायकल हवी होती. चालत जाणाऱ्या बाईंना पोरं बाई म्हणत नाहीत असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. शाळेतल्या बाकीच्या मॅडम मोपेडवर यायच्या, तोंडाला ओढणी गुंडाळून, डोळ्यांना गॉगल. त्यांच्यात मी घामेजलेली, चपला फरफटत येणार? छे!

क्लासला सुट्टी असली की सायकल माझ्याकडे यायची. त्या दिवशी मी काय करायचे, सांगते. परत येताना पोळाच्या तोंडाशी अदबीनं उतरायचे. पदर सारखा करायचे. हँडल दोन्ही हातांनी धरून, मान किंचित खाली, अगदी हळू चालत घरापर्यंत यायचे. देवाची पालखी घेऊन निघाल्यासारखी! ओटल्यावरची एक गुजराती काकी मोठ्यानं म्हणायची, "जुओ, वहू केटली डाही छे!" केवढी शहाणी सून! मी आणखी हळू चालायचे. त्या काकीनं आणखी एकदा म्हणावं म्हणून.

त्या डाह्या वहूला आज भेटले ना, तर कान धरून तिला पोळातून सात फेऱ्या मारायला लावीन. पण ती भेटत नाही. सगळं करून ती निघून गेली आणि निस्तरायला मला मागे ठेवलं.

एका सकाळी नणंद नेहमीसारखी सायकलवर बसून गेली. पोळात दूधवाला आडवा आला असावा, तिनं घंटी वाजवली. ट्रिंग ट्रिंग. मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होते. आता उतरून चालणाऱ्याला घंटी लागत नाही. चहाचा कप घेऊन मी मामंजींकडे गेले, त्यांच्या डाव्या कानाशी वाकले आणि मोठ्यानं म्हटलं, "वन्सं आज फार घाईत होत्या का हो? पोळात सायकलची घंटी वाजली."

एवढंच. चुगली नाही हं, फक्त काळजी!

मामंजींनी कप खाली ठेवला. "घंटी? पोळात?"

पुढचं न बोलण्याइतकी मी डाही होतेच.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले असताना मामंजींनी विषय काढला. "आज सकाळी मी माझ्या या कानांनी पोळात घंटी ऐकली." नणंदेचा हात ताटातच राहिला. तिनं वडिलांकडे पाहिलं, मग आईकडे, मग माझ्याकडे. मी वाढत होते. मला वाटलं, छान, माझं नाव कुठेच आलं नाही. मामंजींनी मला राखलं.

"बाबा, सातला पोचावं लागतं," ती त्यांच्या डाव्या कानाशी ओरडली. "उशीर झाला तर मशीन मिळत नाही."

"ओटल्यावर बसलेली माणसं काय झाडं आहेत? उद्यापासून चावी सूनबाईकडे. तिला उतरता येतं."

"पण माझा कोर्स?"

"ज्याला शिकायचं असतं तो चालत जातो."

यजमानांनी पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पाणी पीत राहिले. त्यांची स्कूटर बाहेर दारातच उभी होती, थेट दारात.

सायकलच्या कुलपाची चावी माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात आली. माझ्या तोंडून तेव्हा एक वाक्य निघायला हवं होतं: मामंजी, मला चालत जाता येतं, सायकल वन्संना राहू द्या. पुढे हे वाक्य मी न्हाणीत पुष्कळ वेळा म्हणून पाहिलं. चांगलं वाटतं. पण त्या दिवशी मी विचारलं, "कुणाला भात वाढू?"

नणंद तीन आठवडे चालत गेली. पाचला घरातून निघायची. एकदा पाऊस आला, दोनदा कुत्री मागे लागली. पोचायची तोवर तिची जागा गेलेली असायची, मग दुसऱ्यांच्या पाठीमागे उभी राहून बघायची. चौथ्या आठवड्यात एका सोमवारी ती उठलीच नाही. कुणी काही विचारलं नाही. पुढे वर्षाच्या आत तिचं लग्न झालं, बडोद्यातच गोत्रीला गेली. माणूस बरा मिळाला. पण सायकल नाही आणि कॉम्प्युटरही नाही. घरी बसून साड्यांना फॉल लावायची. माझ्यासुद्धा कितीतरी साड्यांना तिनंच लावले. टाके असे की दिसू नयेत.

आणि मी? मी सायकलवरून कारेलीबागला जात होते. पण त्या वर्षी सायकलनं माझा जीव खाल्ला. दर तीन-चार दिवसांनी मागच्या चाकात हवा नसायची. पंक्चर नाही, काही नाही. सायकलवाला म्हणायचा, "बेन, कोई वालट्यूब ढीली करे छे." कुणीतरी वालट्यूब सैल करतं. मी पोळातल्या पोरांवर आळ घेतला, त्यांच्या आयांशी भांडले. नणंद लग्न होऊन गेली आणि त्यानंतर हवा कधी गेली नाही. तरी ट्यूब पेटली नाही माझ्या डोक्यात! मी यजमानांना म्हटलं, पोरं सुधारली बघा.

पुढे मीही मोपेड घेतली. ती ढकलायला जड, म्हणून तिला माफी मिळाली. सायकल जिन्याखाली गंजली आणि एक दिवस भंगारवाल्याकडे गेली.

मग पुष्कळ वर्षांनी नणंदेच्या मुलीला कॉम्प्युटरमधलीच चांगली नोकरी लागली. गोत्रीला सगळे जमलो होतो. नणंद पेढे वाटत होती. माझ्यापाशी आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "घ्या वहिनी. आमच्या घरात शेवटी कुणीतरी कॉम्प्युटर शिकलं. आणि बरं का मंडळी, आमच्या वहिनींना सायकल मी शिकवली हं!"

हे दुसरं वाक्य ती दर कार्याला म्हणायची. मुंजीत, बारशात, साठीशांतीत. मी दर वेळी हसायचे, मला ते कौतुक वाटायचं. त्या दिवशी मात्र दोन्ही वाक्यं एकापाठोपाठ ऐकली आणि हातातला पेढा परत खोक्यात ठेवला.

आठवड्यानं मी एकटीच गोत्रीला गेले. त्यांच्या सोसायटीत टॉवर सहा, हिचा सगळ्यात आतला. नणंद एकटीच होती, मांडीवर साडी, हातात सुई. मी बसले आणि बोलून टाकलं. "वन्सं, ती घंटी. मामंजींना मी सांगितलं होतं."

तिनं दोरा तोडला. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. वहिनी, बाबांना कुकरची शिट्टी ऐकू येत नव्हती. ते सायकलची घंटी ऐकणार?"

इतकी वर्षं मी समजत होते की मामंजींनी मला राखलं. ताटावर बसलेल्या प्रत्येकाला त्या क्षणी कळलं होतं. फक्त मला नाही. मी भात वाढत होते.

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? चावी तुमच्याकडे होती." मग तिला हसू आलं. "हवा मी सोडायचे."

"तुम्ही?"

"दुसरं कोण? पोरांना बिचाऱ्यांना उगाच बोलणी बसली." हसू गेलं. "पण त्यानं काय झालं? तुम्ही नाक्यावर हवा भरून घेतली आणि गेलात. तुमची शाळा एक दिवस चुकली नाही."

"वन्सं, माझं चुकलं. मला माफ करा."

तिनं साडी उलटी केली, काठ जुळवून पाहिला. "तुमच्यासाठी चहा टाकते," म्हणाली. चहा झाला, नातवंडांची चौकशी झाली, गुडघ्यांचं औषध विचारून झालं. माफी तेवढी राहून गेली. मी पुन्हा मागितली नाही; चहात साखर होती, तेवढ्यावर भागवलं.

निघताना मी म्हटलं, रिक्षा बोलवायला हवी, गुडघे चालू देत नाहीत. एरवी रिक्षा टॉवरखाली येते. नणंदेनं भिंतीवरचा इंटरकॉम उचलला आणि वॉचमनला सांगितलं, "भाई, एक रिक्षा बोलावजो. ने हां, बहार ज ऊभी राखजो. अंदर नहीं."

बाहेरच उभी ठेवा. आत नाही.

मग माझ्याकडे वळून अगदी गोड आवाजात, "आवजो वहिनी. सांभाळून."

खालचा रस्ता मी त्याआधी कधी चालून पाहिला नव्हता. सहाव्या टॉवरपासून फाटकापर्यंत तो आमच्या पोळाच्या तिप्पट निघाला. दोन्ही बाजूंच्या बाकांवर संध्याकाळची म्हातारी माणसं बसली होती, आणि मी एकेक गुडघा ओढत त्यांच्यासमोरून चालले होते. धरायला हँडलसुद्धा नव्हतं. वॉचमनला दया आली. धावत येऊन म्हणाला, "बा, रिक्षा अंदर बोलावी लऊं?"

म्हटलं, "नको रे बाबा. आमच्यात चालतच जायचं असतं."

आता मी दर महिन्याला गोत्रीला जाते. चहा मिळतो. रिक्षा अजून फाटकाबाहेरच उभी असते.