पायातलं कासव

ते कासव नव्हतं. हे मी घरात सांगितलं, भावकीत सांगितलं, भिवंडीच्या रजिस्ट्रार कचेरीबाहेरच्या बाकावर बसून दादाच्या वकिलालाही सांगितलं. वकील म्हणाला, ताई, कासव असो नाहीतर बेडूक, मुद्द्याचं बोला. मुद्दा तोच होता, पण त्याचा अशील दादा होता. म्हणून आता लिहून काढते आहे. कागद निदान मध्येच उठून चहा टाकायला जात नाही.

आमचं घर काल्हेरला, शेत खाडीच्या अंगाला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी कशेळीचा पूल ओलांडून ठाण्याच्या कॉलेजात जायला लागले. भूगर्भशास्त्र मी काही आवडीनं घेतलं नव्हतं. रसायनशास्त्रात जागा मिळाली नाही, उरलेल्यात हा विषय होता. पहिल्याच आठवड्यात सरांनी टेबलावर प्लास्टरचा एक ठसा ठेवला. बोटभर लांबीचा प्राणी, मधोमध उंच पट्टा, दोन्ही अंगांना सखल पट्टे, तिन्हींवर आडव्या कड्या आणि पुढं अर्धगोल डोकं. ट्रायलोबाइट. पन्नास कोटी वर्षांपूर्वी तो समुद्राच्या तळाशी चिखलात चालायचा. तेव्हा जमीन नुसती उघडी होती, तिच्यावर ना झाड, ना गवत, ना पाखरू. जे काही जगत होतं ते पाण्यात. आणि त्या पाण्याचा तळ पुढं वर उचलला गेला, हिमालयात स्पितीच्या डोंगरावर आज हेच प्राणी दगडात सापडतात, असं सर सांगत होते. मला सगळ्यात नवल वाटलं ते त्याच्या डोळ्यांचं. डोळ्यांची भिंगं खनिजाची होती, चुनखडीत असतं त्याच द्रव्याची, म्हणून ती अजून शाबूत राहतात. त्या दिवसापासून मला खरा ट्रायलोबाइट हवा होता, प्लास्टरचा नाही, हातात धरून बघायला.

आता आमच्या भागात तो कुठून मिळणार? ठाणे जिल्हा सगळा काळा दगड, लाव्हाचा. त्यात जीव सापडायचा नाही. तिसऱ्या वर्षी सर स्पितीला सहल घेऊन निघाले आणि दादानं मला जाऊ दिलं नाही. वडील नुकते वारले होते, घरात त्याचा शब्द चालायचा. थंडीवाऱ्यात पोरीचं तिकडं काय काम, एवढंच म्हणाला. वर्गातली मुलं गेली. ज्यांना ट्रायलोबाइटांचा कँब्रियन काळ कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं ती पोरं पिशव्या भरभरून जीवाश्म घेऊन आली, आणि त्यातल्या एकानं सबंध ट्रायलोबाइट वह्यांवर वजन म्हणून ठेवला होता. गाढवाला गुळाची चव काय! मी त्याच्याकडे तो मागितला. त्यानं हसून खिशात टाकला.

मग मी दुसरी वाट काढली. आमच्या काळ्या दगडात जीव नसला तरी पोकळ्या असतात, आणि पोकळ्यांत स्फटिक. हिरवट, पाण्यासारखे स्वच्छ, काही पीच रंगाचे, पंख्यासारखे उघडलेले. भिवंडीच्या आजूबाजूच्या खाणींत सुरुंग उडाला की ते उघडे पडायचे आणि तसेच क्रशरमध्ये जाऊन त्यांची खडी व्हायची. खाणीत काम करणाऱ्या बाया त्यांना काच म्हणत, कारण पायाला लागायचे. परदेशातले लोक या काचेसाठी जीव टाकतात हे मला सरांकडच्या एका मासिकातून कळलं. त्यात देवाणघेवाणीचं पान असायचं. तिथून मी चेकोस्लोव्हाकियातल्या एका म्हाताऱ्या शाळामास्तरांचा पत्ता उतरवला. त्यांच्या गावामागच्या टेकडीत ट्रायलोबाइट होते आणि त्यांना आमचे स्फटिक हवे होते.

रविवार आला की मी खाणीत. मुकादमानं हाकलून दिलं तर दुसऱ्या खाणीत. बोटं सोलवटली, नखं काळी पडली, आणि घरी येऊन भाकऱ्या थापताना आई म्हणायची की हिचे हात बघून कोण हिला करून घेणार. स्फटिक कापसात गुंडाळून, खोक्यात भरून मी भिवंडीच्या पोस्टात नेई. जहाजानं पार्सल जायला महिने लागत, यायलाही. पण यायचं. माझं इंग्रजी मोडकं आणि त्यांचं माझ्याहून मोडकं, तरी आमचं छान जमलं. प्रत्येक दगडाबरोबर चिठ्ठी असायची: कुठली टेकडी, कुठला थर, कोणत्या बाजूनं काढला. एकदा मी स्फटिकांसोबत खाणीचं नाव लिहायला विसरले तर त्यांनी पुढच्या पत्रात चांगलं खडसावलं. दगड कुठला हे गेलं की दगड मुका होतो, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यात शेवटी त्यांनी जो पाठवला तो तळहाताएवढा होता, तपकिरी, डोक्यापासून शेपटीपर्यंत सबंध. त्यांनी लिहिलं होतं की आता माझ्याच्यानं टेकडी चढवत नाही, हा तुझ्याकडे राहू दे. त्यानंतर त्यांचं पत्र आलं नाही.

पुढं मी भिवंडीत एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. पगारातून एक काचेचं कपाट घेतलं, त्यात सगळे दगड आपापल्या चिठ्ठीसह मांडले, मधल्या फळीवर कापसात तो तळहाताएवढा, आणि कपाट ओटीवर ठेवलं. आल्यागेल्याला ते दिसायचं. वहिनी रोज काच पुसायची, आणि पुसता पुसता म्हणायची की लोकांच्या घरी कपाटात भांडी असतात. दादाचे दोस्त येत, टेकून बसत, कपाटावर चहाचे कप ठेवत. एकानंही विचारलं नाही की बाई, हे आहे तरी काय. विचारलं असतं तर मी शाळेत रजा टाकून सांगत बसले असते. पण नाही. माझं लग्न का होत नाही हे मात्र सगळे विचारायचे.

नव्वदचं दशक उजाडलं आणि गोदामांचं वारं सुटलं. मुंबईत माल ठेवणं व्यापाऱ्यांना परवडेना, ते पूल ओलांडून इकडं आले. अंजूर, दापोडे, काल्हेर, जिकडं बघावं तिकडं शेतात भराव पडायला लागला. दादानंही ठरवलं. सातबाऱ्यावर आईचं, त्याचं आणि माझं नाव होतं, तेव्हा माझी हक्कसोडीवर सही हवी होती. आमच्यात बहिणीनं सही करून द्यायची असते. ते कुणी सांगावं लागत नाही. सही दिली तर माहेर राहतं, हिस्सा मागितला तर ती बहीण मेली असं समजतात. मी हो म्हटलं. दादानं सगळ्यांदेखत विचारलं, "तुला काय पायजेल ते सांग." मी म्हटलं, काही नको, माझ्या कपाटाला कुणी हात लावायचा नाही. सगळे हसले. दादा म्हणाला, "दगडांना कोण हात लावतंय?"

सहीसाठी पुढच्या आठवड्यातला दिवस ठरला. त्याआधी गोदामाच्या पायाभरणीचा मुहूर्त होता. शाळेत परीक्षा चालू होती, मी गेले नाही. संध्याकाळी घरी आले तर ओटीवर पेढ्यांचं खोकं उघडं, माणसांची ये-जा, सगळे खुशीत. मी कपाटाकडे बघितलं. मधल्या फळीवर नुसता कापूस होता आणि बाजूला चिठ्ठी.

दादानंच सांगितलं, हसत हसत, पेढा माझ्या हातावर ठेवून. पायात तांब्याचा नाग आणि कासव पुरतात. नाग होता, कासव आणायचं राहून गेलं. भिवंडीला जाऊन येईपर्यंत मुहूर्त टळला असता, म्हणून वहिनी घरी धावली. "तुझ्या कपाटातलं मोठं कासव आणलं. भटजी म्हणाले, हे तर स्वयंभू. असं कासव पायात पडायला भाग्य लागतं." हळद, कुंकू, फूल वाहून, अक्षता टाकून त्यांनी ते ईशान्येच्या खड्ड्यात ठेवलं होतं. वर काँक्रीट ओतलं होतं. दादाला खरंच वाटत होतं की मला आनंद होईल. तुझा दगड देवकार्याला लागला म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. स्वयंभू! तो म्हातारा गुडघे दुखत असताना टेकडीवर ओणवा होऊन छिन्नीनं एकेक पापुद्रा सोडवत बसला होता, आणि या भटजीला तो आपोआप वर आलेला दिसला. मी पेढा खोक्यात परत ठेवला आणि म्हटलं, उद्याच्या उद्या खड्डा उघडा. मग सगळे एकाच वेळी बोलायला लागले. पायातला देव काढत नाहीत. अपशकुन होतो. भावाचं वाईट चिंततेस का? दुसऱ्या दिवशी भावकीतले चार मोठे येऊन बसले आणि मला समजावू लागले. माझी वस्तू मला न विचारता उचलली, आणि समजूत माझीच घालायची. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. त्यातले एक काका म्हणाले, "दगडच ना गो? खाडीत गाडीभर पडलेत." मी त्यांना उलट बोलले आणि ते उठून गेले.

मला कशाचा राग आला होता ते त्यांना सांगून उपयोग नव्हता, तरी सांगते. वस्तू चोरीला गेली तर ती कुठंतरी असते. हा दगड त्यांनी जिथं पुरला तिथं तो खोटं बोलणार आहे. आमच्या खाडीकाठी असा समुद्र कधीच नव्हता, त्या टेकडीचा आणि आमच्या चिखलाचा काडीचा संबंध नाही. पुढं कधी ते गोदाम पडेल, कुणी खणेल, आणि भलतंच काहीतरी समजून बसेल. चिठ्ठी माझ्या हातात राहिली आणि दगड काँक्रीटखाली गेला. दोन्ही निकामी झाले. आणि ज्या जमिनीवरचा हक्क मी एका कपाटाच्या बदल्यात सोडत होते, त्याच जमिनीत त्यांनी त्यातला दगड घातला.

सहीच्या दिवशी मी रजिस्ट्रार कचेरीत गेले, बाहेरच्या बाकावर बसले आणि सांगितलं की खड्डा उघडल्याशिवाय पेन धरणार नाही. दादा नाक्यावर जाऊन पान खाऊन आला. वकिलानं कागदांवरची धूळ झटकली. मग त्यांनी आईला माझ्याजवळ पाठवलं.

आई बाकावर टेकली. माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "सही कर बाय. एकच भाऊ हाय तुला."

"खड्ड्यात काय पुरलंत ते माहीत आहे का तुला?"

"कासव."

"कासव नाही ते, आई."

"मंग काय हाय ते?"

मी सांगितलं. समुद्राचं, थरांचं, डोळ्यांचं सांगितलं. आणि तो मेलेला प्राणीसुद्धा नसेल, त्याचं टाकलेलं कवच असेल, हेही सांगितलं. अंग वाढलं की तो कवच उसवून बाहेर पडायचा, आपल्या खाडीतली चिंबोरी पडते तसा. आईनं जन्मभर चिंबोऱ्या धरल्या, तिला हे लगेच समजलं. माझ्या विद्यार्थ्यांना समजावं तितकं नीट समजलं. ती मान हलवत ऐकत होती, आणि मला एकदम भरून आलं, कारण इतक्या वर्षांत त्या घरातलं कुणीतरी माझं ऐकत होतं.

ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "म्हंजी तो कवच टाकून निंगून गेला. मंग तू कशाला धरून बसलीस? सही कर."

कपाट घेतल्यापासून रोज ती त्याच्यासमोर तांदूळ निवडायला बसायची. ते काय आहे हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, आणि उत्तर मिळाल्याबरोबर ते दादासाठी वापरलं.

"तो निघून गेला कारण त्याला वाढायला समुद्र होता," मी म्हटलं. "माझी जागा मला द्या."

आणि सातबाऱ्यावरचा माझा तिसरा हिस्सा मी मागितला.