दूधकेंद्रातली पिरोश्काची जागा

पिरोश्काचे दंड बैलाच्या मानेगत. बाप मेला तसा सिल्वाश गावातल्या आमच्या चर्चच्या घंटेचा दोर तिच्या हाती आला. रविवारी आम्ही आत स्तोत्रं म्हणायचो, तेव्हा ती बुरुजात उपड्या खोक्यावर बसून वाटाणे सोलायची.

मग छप्पर खचलं, पोरंबाळं जर्मनीला गेली. उरलेल्या आम्ही म्हाताऱ्यांनी चर्च एका लाकूडवाल्याला विकलं आणि प्रार्थनेसाठी बंद पडलेलं दूधकेंद्र घेतलं. तिथल्या छपराला घंटा पेलणारी नव्हती, ती शेजारगावाला दिली.

"मग म्या कुटं बसू?" पिरोश्कानं पंचांचा मुखिया बाल्ताझार याला विचारलं.

"खोकं घिऊन ये की. दाराभाईर बस. सवय हाय तुला."

"भाईर लई बसले. आता मला मानसांत जागा पायजे."

आमच्यात जागा म्हणजे जागा. आजा बसला तिथं बाप, बाप बसला तिथं लेक. माणूस मेलं की त्याच्या घरचं कुणी येईपर्यंत जागा मोकळी ठेवायची. परक्यानं तिथं टेकायचं नाही. आता जर्मनीहून कोण येतंय?

नव्या बाकांची मापं घ्यायला बाल्ताझारनं एका दुपारी सगळ्यांना दूधकेंद्रात बोलावलं. "ऐतवारी बसता तसं हुबं ऱ्हावा. म्या खडूनं खुणा करतो."

बायका डावीकडं, बाप्ये उजवीकडं उभे राहिलो. आणि खोली भरली. मागचे चौघं दाराबाहेर चिखलात.

"आवो सरका की," बाहेरून एस्तेर म्हणाली. "माजं पाय भिजत्यात."

कुणी सरकलं नाही. मग ध्यानात आलं, सवयीनं आम्ही मेलेल्यांच्या जागा सोडून उभे होतो. फरशीतून आंबल्या दुधाचा वास येत होता. माझ्या उजव्या हाताची जागा रिकामी, पण त्या अंगाला ऊब लागत होती.

"मेल्यालं मेलं," बाल्ताझार म्हणाला. "त्यास्नी काय कळतंय? चर्च इकायला म्या सही केली तवा कुणी आडवं आलं का?"

"थांब," पिरोश्का म्हणाली. "मोकळं कुटं हाय, म्या बगते."

ती पहिल्या फटीत शिरली, थबकली, मागं आली. "हितं हायेत." दुसरीत पाय टाकला आणि लगेच काढला. "चुकलं हं आज्जी." एस्तेरला हसू फुटलं, पण बाकी कुणी हसेना म्हणून तीही गप्प झाली.

अशी ती बायकांची बाजू संपवून बाप्यांत आली. पुढच्या रांगेत बाल्ताझार खडू धरून आपल्या जागी उभा होता. अंधारात चाचपावं तसा तिनं त्याच्या छातीपाशी हात फिरवला.

"ही मोकळी हाय."

"आगं, म्या हुबा हाय न्हवं?"

"दिसतोयस की. पर जागा मोकळी हाय."

तो हसणार होता. त्यानं आमच्याकडं बघितलं. आम्ही फरशीकडं बघत होतो. मग तो वाकला, आणि आपल्याच पायांशी त्यानं खडूनं तिचं नाव लिहिलं. उभं राहायला दुसरीकडं जागा शोधली. मिळाली नाही. टोपी घातली आणि दाराकडं निघाला. खोलीत तीळ ठेवायला जागा नव्हती, तरी जाताना तो आमच्यातल्या एकालाही घासला नाही.

पिरोश्का त्या नावावर पाय रोवून उभी राहिली.