दारव्ह्यात पंचवीस अंश

आमच्या कॉलेजात फिजिक्सचं प्रॅक्टिकल करायचं नसतं, उतरवायचं असतं. सीनियरची जर्नल ज्युनियरकडे येते, तिच्यातले आकडे आपल्या वहीत जातात आणि दारव्ह्यात आवाजाचा वेग वर्षानुवर्षं सेकंदाला तीनशे शेहेचाळीस मीटरच राहतो. अशीच उतरवाउतरवी करून मी पहिल्या सत्रात सपशेल उडाले होते. या सत्रात पुन्हा उडाले तर कॉलेज बंद आणि कळंबच्या मावशीकडे शिवणकाम, असं घरी ठरलंच होतं. शिवणकामात वाईट काही नाही, पण मला सरळ टीप मारता येत नाही.

परीक्षा एप्रिलच्या भर दुपारी होती. चिठ्ठीत मला अनुनाद नळी आली. पाण्यानं भरलेल्या उभ्या काचेच्या नळीच्या तोंडावर वाजता ट्यूनिंग फोर्क धरायचा आणि पाणी हळूहळू खाली न्यायचं. एका जागी नळीतली हवा त्याच सुरात घुमते. आणखी खाली गेलं की पुन्हा घुमते. त्या दोन जागांमधल्या अंतरावरून वेग निघतो.

नीट ऐकू यावं म्हणून पंखे बंद होते. नाकावरचा घाम कागदावर टपकत होता. मी फोर्क रबरावर आपटला, पाणी उतरवत गेले. काही नाही. काही नाही. आणि मग, बाप रे, केवढा आवाज! रिकाम्या कोठीत तोंड घालून कुणी हाक मारावी तसा. "आला, आला!" मी चक्क ओरडले. इतके दिवस मी हे फक्त वहीत वाचलं होतं.

दोनदा मोजलं, दोनदा गणित केलं. तीनशे छप्पन्न.

शेजारच्या टेबलावर हीच नळी आलेली मैत्रीण कुजबुजली, "शेहेचाळीस लिह्य ना! सगळ्यायचं तेच हाये."

"मले छप्पन्न आलं. मी कायले शेहेचाळीस लिहू?"

"पागल हायेस तू. पुन्हा उडशीन."

मला रागच आला. तीनशे छप्पन्न असं ठसठशीत लिहिलं आणि कागद नेऊन दिला.

बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी चष्मा वर केला. "पंचवीस अंशाला तीनशे छप्पन्न? येत नाही. रीडिंग चुकलंय."

मी वाकून पाहिलं. तापमानाच्या रकान्यात पंचवीस होतं, माझ्याच अक्षरात. जर्नलमध्ये तेच होतं, म्हणून हात सवयीनं लिहून मोकळा झाला होता.

"सर, लांबी माझी आहे. मी ऐकून मोजलीय. ते पंचवीस मात्र उतरवलेलं आहे."

बोलले आणि जीभ चावली. कॉपीची कबुली, तीही थेट परीक्षकाला!

त्यांनी रुमालानं मान पुसली. "मग आता बघून या."

थर्मामीटर खिडकीजवळ खिळ्याला टांगलेला होता. एक्केचाळीस. तिथेच भिंतीला टेकून हिशेब केला. शून्य अंशाला तीनशे एकतीस, पुढे दर अंशाला पॉइंट सहा. तीनशे पंचावन्न पॉइंट सहा!

"सर, बरोबर हाये! माहं बरोबर हाये!" मी लॅबभर ऐकू जाईल अशी ओरडले. शुद्ध भाषा गेली उडत. हवा तापली की आवाज जोरात पळतो हे पाठ होतं, पण तो पळताना मी पकडला होता. इतका आनंद मला त्याआधी कुठल्याच आकड्यानं दिला नव्हता.

परीक्षक हसले. पंचवीसवर काट मारून त्यांनी मला तिथे एक्केचाळीस लिहायला लावलं. मार्कांची यादी टेबलावर उघडीच होती, आणि उलटं वाचण्यात आम्ही तरबेज. उतरवलेल्या तापमानाबद्दल माझा एक मार्क गेला होता. मला वीसपैकी एकोणीस. शेहेचाळीसवाल्या मैत्रिणीनं मी थर्मामीटरपाशी असतानाच कागद दिला होता; तिला वीसपैकी वीस.

आमच्यात रिवाज असा की ज्याला जास्त मार्क, त्यानं उसाचा रस पाजायचा. त्या दुपारी स्टँडसमोरच्या रसवंतीत मैत्रीण पर्स उघडायला लागली, तर मी तिचा हात धरला. "राहू दे," म्हटलं, "आज मी पाजते."