अण्णाचा डवरा

फोन वहिनीचा होता. ती आधी म्हणाली, "कावळे येऊन बसलेत कठड्यावर. त्यांना आज काय घालू, सांग." आणि मग म्हणाली, "हे गेले." मी इथे पुण्यात कणीक मळत होते. हात तसेच पिठाचे ठेवून मी वेड्यासारखी तिला सांगत सुटले, की घाल, काहीतरी घाल, त्यांना उपाशी ठेवू नकोस... अण्णा माझा थोरला भाऊ. पोटातली गाठ कळल्यापासून तीन आठवड्यांत गेला. दोन महिने होत आले आता, पण माझ्या मनात राग आहे तो गाठीवर नाही. तो माझ्यावर आहे, आणि लिहिते आहे ती त्यामुळेच.

आमचं घर तंजावूरचं. राजवाड्यामागच्या गल्लीत पिढ्यान् पिढ्या राहिलेली मराठी माणसं आम्ही. घरात मराठी बोलायचं, शाळेत तमिळ लिहायचं. देवनागरी मी लग्न होऊन इकडे आल्यावर शिकले. अण्णाला ती कधीच वाचता आली नाही, म्हणजे हा लेख त्याच्यापर्यंत तसाही पोचला नसता. तो एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला होता आणि तरुणपणी पंचक्रोशीत नाव काढलेला खवय्या होता. लग्नाच्या पंगतीत वाढपी त्याच्या पानापाशी आले की बादली खाली ठेवूनच उभे राहायचे. सांबारभात, मग रसमभात, मग ताकभात, आणि प्रत्येक वेळी पुन्हा. आई म्हणायची, जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही, खाऊ दे त्याला.

पन्नाशीच्या आत साखर निघाली आणि मी पुण्याहून धावत गेले. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला सांगू. आमचे वडील साखरेनंच गेले होते, पाय काळा पडून, आणि ते आम्ही दोघांनी पाहिलं होतं. पहिल्या जेवणाला मी अण्णाच्या हातातून भाताचं पातेलं काढून घेतलं. मांडणीवर आमच्या आईचा कॉफीचा पितळी डवरा होता, पेल्याखाली ठेवतात ती बसकी वाटी. तो भरून भात त्याच्या ताटात उलटा केला आणि म्हटलं, "हा तुझा. एवढाच. माझी शपथ आहे." वहिनी रडायला लागली. अण्णा त्या भाताच्या मुदीकडे असा बघत राहिला, जणू कुणी त्याला नैवेद्य दाखवला आहे आणि उचलायची परवानगी नाही.

पहिलं वर्ष फार वाईट गेलं. जेवण झालं तरी तो ताटावरून उठायचा नाही, पातेल्याकडे बघत बसायचा. एकदा कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानात वहिनीनं त्याला जांगिरी खाताना पकडलं, तर म्हणाला, चव बिघडली आहे का ते बघत होतो. मी फोनवर त्याला वाट्टेल ते बोलले. पण त्यानं डवरा सोडला नाही. दुसऱ्या वर्षी तो पातेल्याकडे बघेनासा झाला. मग हळूहळू घास लहान झाले, चावणं सावकाश झालं, आणि एक दिवस वहिनीनं आश्चर्यानं कळवलं, की आज सगळ्यांच्या आधी हेच उठले. माझ्या मुलीच्या लग्नात मी मुद्दाम लक्ष ठेवून होते. वाढपी भाताची परात घेऊन दुसऱ्यांदा आला आणि अण्णाचा हात पानावर आडवा गेला. "पोदुम," म्हणाला, म्हणजे पुरे. समोरच्याशी गप्पा चालू होत्या, त्यानं वाढप्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात आपला आपण गेला. माझा ऊर भरून आला. वाटलं, आईची म्हण खोटी पाडली यानं.

आता त्या कावळ्यांचं सांगते. आमच्या घरी भात झाला की जेवायच्या आधी चिमूटभर गच्चीच्या कठड्यावर कावळ्याला ठेवायची रीत आहे. वडिलांनंतर ते अण्णाकडे आलं. स्वतःचा डवरा भरला की त्यातलाच सुपारीएवढा भात तो वर नेऊन ठेवायचा. सगळ्यांच्या पातेल्यातला का घ्यायचा, कावळा माझा पाहुणा, असं म्हणायचा.

गेल्या पोंगलला मी गेले होते. अण्णा चांगला बारीक झाला होता. सदरा खांद्यावरून उतरत होता, आणि आम्ही सगळे त्याला म्हणत होतो, दहा वर्षांनी तरुण दिसतोस. त्याच्या मागोमाग मी गच्चीवर गेले, तर त्यानं कठड्यावर मूठभर भात ठेवला. अर्ध्याहून जास्त डवरा. कावळे बिचकत नव्हते, त्याच्या हाताजवळ येऊन खात होते.

"तुझ्यापेक्षा हेच जास्त जेवतात की रे," मी हसून म्हटलं.

तोही हसला. म्हणाला, "वत्सू, भूक आता माझं ऐकते. नको म्हटलं की येतच नाही."

आणि मी काय केलं? मी त्याचा फोटो काढला. डवरा हातात, कठड्यावर कावळे, मागे देवळाचं शिखर. घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, मामाकडून शिका जरा. माझ्या मुलानं शाबासकीचा अंगठा टाकला, मुलीनं जोडलेले हात. मी तीस वर्षं दोन मुलांना भरवलेली बाई. पोरानं दोन घास कमी खाल्ले तर कपाळाला हात लावून ताप बघायचे. आणि माझा भाऊ अर्धा डवरा भात टाकत होता, तर मला त्यात पुण्याई दिसली! वहिनीलाही तेच वाटत होतं. तिनं शेजारणीला सांगितलं होतं, यांना आता वैराग्य येतंय. मला वाटतं, अण्णाचाही तोच समज झाला होता. पंधरा वर्षं ज्या भुकेशी झुंजला ती निमूट निघून गेली, तर माणूस म्हणणार काय, जिंकलो असंच म्हणणार ना? तसा तो खूश होता. दुखत नव्हतं त्याला. पोंगलनंतर अडीच महिन्यांनी तो जिन्यात चक्कर येऊन बसला तेव्हा कुठे डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, जेवण कधीपासून कमी झालं? वहिनी कधीपासून म्हणून सांगणार... पंधरा वर्षांपासून?

मला कुणी सांगू नका की लवकर कळूनही उपयोग झाला नसता. झाला असता की नसता, ते मला ठाऊक नाही आणि आता कधी कळायचंही नाही. डवरा दिला नसता तर साखरेनं आधीच नेला असता, हेही मी स्वतःला सांगून बघितलं आहे. खरं असेल. पण जीव निवत नाही.

तेराव्याला कठड्यावर पान वाढलं. गुरुजी अजून हात जोडत होते तोवर कावळे येऊन पानावर तुटून पडले. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. एक काका म्हणाले, किती तृप्त गेला बघा, एक वासना मागे नाही. वहिनीनं डोळ्यांना पदर लावला. ते त्याचेच कावळे होते. रोज त्याच वेळी, त्याच जागी, त्याच्या वाटणीचा भात खाऊन पोसलेले. त्यांनी का थांबावं?

खाली आले तर पानं मांडली होती. वाढायला मीच घेतलं. मांडणीवर डवरा होता, घासून ठेवलेला, काठाला जरासा चेपलेला. का कोण जाणे, भात मी त्यानंच वाढत गेले. वहिनीच्या पानाशी आले तर तिनं बघितलंही नाही. हात आडवा गेला आणि म्हणाली, "पोदुम." अगदी अण्णासारखा हात. इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसून जेवलेली ती, दुसरं काय होणार. मी सवयीनं पुढे सरकले, दोन पावलं गेले आणि थांबले. मागे आले. तिच्यासमोर खाली बसले, डवरा तसाच हातात धरून, आणि जे पोंगलला गच्चीवर विचारायला हवं होतं ते तिला विचारलं.

"वहिनी, पुरे झालं, की भूक नाही?"

पंगत जेवायची थांबली. वहिनी म्हणाली, "भूक आहे ग." आणि तिनं हात बाजूला घेतला.